तिकडे काही नाही

गेल्या डिसेंबरात, वर्षअखेरच्या गर्दीत, आमच्या हॉटेलातल्या सातव्या मजल्यावरचं सर्व्हिसचं दार मळक्या चादरींच्या ट्रॉलीला अडून उघडं राहिलं. एरवी ते आपोआप मिटतं. कॉरिडॉरच्या बाजूनं त्याला भिंतीचाच वॉलपेपर लावलेला आहे, त्यामुळे समोरून जाणाऱ्याला तिथे दार आहे हेसुद्धा चटकन कळत नाही. पोहून आलेली पाच-सहा वर्षांची एक मुलगी तिथे थबकली. ओले केस, अंगाला गुंडाळलेला टॉवेल, पायात हॉटेलच्या मोठाल्या सपाता. आत ट्यूबलाइटचा पांढरा उजेड, टॉवेलांनी भरलेले रॅक, बादलीत उभा केलेला मॉप, शीटवर खोल्यांचे नंबर टिपून घेणारी आमची एक हाउसकीपिंग अटेंडंट आणि तिच्याशी बोलत उभी असलेली मी. "पप्पा, तिकडे काय आहे?" मुलीनं विचारलं. मागून येणाऱ्या वडिलांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "तिकडे काही नाही गं, चल."

बोलण्यात तुच्छता अजिबात नव्हती. ओल्या केसांच्या मुलीला एसीतून लवकर खोलीत न्यायची घाई असलेला कुठलाही बाप हेच म्हणाला असता. अटेंडंटनं तर मान वर करूनही पाहिलं नाही, तिच्या चार खोल्या अजून बाकी होत्या. मी ट्रॉली आत ओढली, दार मिटलं. पण ते वाक्य त्या रात्री घरी जाताना टॅक्सीत, मग दुसऱ्या दिवशी ब्रीफिंगमध्ये, आणि नंतर कितीतरी दिवस कानात राहिलं. कारण खरं पाहिलं तर आमच्या कामाची ती पावतीच होती. तिकडे काही नाही असं वाटावं, यासाठीच तर आम्हाला पगार मिळतो. नव्या मुलींना मीच शिकवते: पाहुणा समोरून आला की ट्रॉली भिंतीला लावा, बाजूला व्हा, नमस्कार करा, तो पुढे गेल्यावरच कामाला लागा. तो नाश्त्याला खाली जातो आणि परत येतो तेव्हा खोली आवरलेली असते. कुणी आवरली हा प्रश्न त्याच्या मनात येऊ नये, इतकं ते सहज दिसायला हवं. या कसबाचा मला अभिमान आहे. तरी ते वाक्य टोचलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी खोडली जात नाही.

काय आहे तिकडे?

आधी वास आहे. लॉबीत चाफ्याचा किंवा लेमनग्रासचा जो सुगंध येतो तो यंत्रातून सोडलेला असतो. दाराच्या आत वासाचे वेगवेगळे थर लागतात. लिनन रूममध्ये इस्त्रीच्या गरम कापडाचा, किचनच्या वाटेवर सकाळी पावाचा आणि रात्री उशिरा जळक्या तेलाचा, सर्व्हिस लिफ्टमध्ये कालच्या मेजवानीतल्या माशांचा आणि आजच्या निशिगंधाचा एकत्र. आणि सगळीकडे केमिकल्सचा. आमच्याकडे बाटल्यांना नावं नसतात, आकडे असतात. आर-वन बाथरूमसाठी, आर-टू सगळ्या टणक पृष्ठभागांसाठी, आर-थ्री काचेसाठी, आर-फोर फर्निचरच्या पॉलिशसाठी, आर-सिक्स कमोडसाठी. देशातल्या कुठल्याही मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंग केलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, तो हे आकडे म्हणून दाखवील. हातमोजे असतात, पण मोज्यांनी केस उचलता येत नाही. पांढऱ्या टाइलवरचा एक केस चिमटीत धरायचा तर बोटं उघडीच लागतात. म्हणून हाउसकीपिंगमधल्या बायकांच्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची कातडी वेगळी ओळखू येते, कोरडी, पांढुरकी, रेघा पुसत चाललेली. आधार कार्डाच्या मशीनवर आमच्या एका मावशींचा अंगठा उमटता उमटत नव्हता.

एका शिफ्टला एका माणसाकडे साधारण १४-१५ खोल्या असतात. राहत्या पाहुण्याच्या खोलीला अर्धा तास, चेकआउट झालेल्या खोलीला पाऊण. आधी दारावर टकटक, "हाउसकीपिंग", थांबायचं, पुन्हा टकटक. पडदे सारायचे, दिवे सगळे पेटवून बघायचे, बेडवरचं सगळं काढायचं, चादर झटकून बघायची, कारण चादरीत चष्मे, कानातली, लहान मुलांचे मोजे, काहीही सापडतं. मग गादी उचलून चादरीचे कोपरे आत दाबायचे, लिफाफ्याची घडी घालतात तसे. पांघरुणाचा बेड घालायला सोपा दिसतो, पण गादीचं वजन रोज पंधरा वेळा चारी बाजूंनी उचलल्यावर कंबर बोलायला लागते. शेवटी टॉयलेट पेपरच्या टोकाची त्रिकोणी घडी. ती शोभेसाठी असते असं पाहुण्यांना वाटतं. ती आमची आपसातली खूण आहे, ही बाथरूम झाली.

यानंतर सुपरवायझर खोली तपासतो, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. मला शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला बुटांसकट कोरड्या बाथटबमध्ये बसवलं होतं. "आता वर बघ," म्हणाल्या. बेसिनच्या खालची बाजू, नळाच्या मागची गंजाची रेघ, शॉवरच्या पडद्याची काळी पडलेली कड, उभं राहून दिसत नाही ते सगळं दिसलं. मग बेडवर आडवं व्हायला लावलं, छताचा कोपरा बघ. खुर्चीत बसवलं, टेबलाची खालची कड चाचप. पाहुणा जिथे जिथे बसेल, झोपेल, टेकेल तिथून खोली पाहायची. जो माणूस कोण आहे, कुठला आहे आपल्याला ठाऊक नाही, ज्याच्याशी आपण कदाचित एक शब्दही बोलणार नाही, त्याच्या डोळ्यांनी अर्धा तास जगायचं. हॉटेलच्या कामातली कुठली गोष्ट मला इतकी वर्षं बांधून ठेवते असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. जिव्हाळ्याला ओळख लागतेच असं नाही, हे मला तिथे त्या टबात बसून कळलं.

आमच्याकडे मराठी घरांत हॉटेलातलं काम म्हणजे काय, याचं एक जुनं चित्र होतं. घरातून पळालेला मुलगा मुंबईला जातो आणि हॉटेलात कपबशा विसळतो. पुढे तो मोठा माणूस झाला तर कपबशा भाषणात येतात, नाही झाला तर कुणी विचारत नाही. मुंबईतल्या उडुपी हॉटेलांत अशी हजारो मुलं आली, दिवसा टेबलं पुसली आणि रात्रशाळेत शिकली. गोव्याची माणसं धोबीतलावच्या गावोगावच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावाच्या नावानं चालणाऱ्या वसतिगृहांत, राहून बोटींवर आणि हॉटेलांत आचारी म्हणून गेली. मुलींना या चित्रात जागाच नव्हती. म्हणून दादरच्या कॅटरिंग कॉलेजात गेल्यावर मला ज्या गोष्टीचं सगळ्यात नवल वाटलं ती कॉलेजच्या इतिहासाची होती. ही संस्था १९५४ साली सुरू झाली ती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकारानं, अखिल भारतीय महिला अन्न परिषदेच्या कामातून. देशात अन्नाची टंचाई होती, रेशन होतं, आणि माणसांना स्वच्छ, पुरेसं, परवडणारं जेवण कसं मिळेल या काळजीतून बायकांनी हे काम हाती घेतलं. आज जिथून पंचतारांकित हॉटेलांचे शेफ आणि मॅनेजर बाहेर पडतात त्या कॉलेजच्या मुळाशी चकाकी नव्हती, भूक होती. वीर सावरकर मार्गावरच्या त्या इमारतीत, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, आम्ही पहिल्या वर्षी कांदा चिरायला आणि फरशी पुसायला शिकलो. फरशी पुसायचीसुद्धा पद्धत असते, मॉप इंग्रजी आठच्या आकारात फिरवत मागे मागे यायचं, म्हणजे आपलीच पावलं ओल्या फरशीवर उमटत नाहीत.

स्टाफचं गेट हॉटेलच्या मागच्या गल्लीत असतं. तिथे टाइम ऑफिस, पंचिंग, मग युनिफॉर्म रूमची खिडकी, मग लॉकर. साडेपाचला नालासोपाऱ्याहून निघालेली बाई सात वाजता इथे येते, साडी किंवा पंजाबी ड्रेस लॉकरमध्ये जातो, केसांना जाळी बसते, नेलपॉलिश पुसलं जातं. बाहेर जाताना उलटा प्रवास, आणि झडती. रोज. जनरल मॅनेजरपासून सगळ्यांच्या पिशव्या तपासतात, तरी ती झडती सगळ्यांना सारखी लागत नाही, हे मला माहीत आहे. सापडलेल्या वस्तूंचा एक नियम आहे. खोलीत पाहुण्याची काही वस्तू राहिली तर तिची नोंद होते: तारीख, खोली, वस्तू, कुणाला सापडली. पाहुण्यानं बरेच महिने मागितली नाही आणि ती फार किमती नसेल, तर आमच्याकडे ती सापडलेल्या माणसाला देतात, गेटपाससह. एकदा संध्याकाळी मी आमच्या एका अटेंडंटमागे रांगेत उभी होते. तिच्या हातात कागद होता: छत्री, एक, निळी. सिक्युरिटीनं छत्री उघडून पाहिली, मिटली, शिक्का मारला. छत्री कुणाची होती कुणास ठाऊक, मुठीवर परदेशातल्या कुठल्या तरी दुकानाचं नाव होतं. तिनं तो गेटपास फेकला नाही, घडी करून पर्समध्ये ठेवला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "असू दे मॅडम, ट्रेनमध्ये कुणी म्हटलं कुठून आणली तर?"

हे लिहिताना अजूनही माझ्या पोटात कालवतं.

वर्षातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे गणपतीच्या रजा. डिसेंबरातली लग्नं, कॉन्फरन्स, नववर्षाची रात्र, हे सगळं त्यापुढे सोपं. आमच्या हॉटेलात इंजिनिअरिंग, स्टोअर्स, लॉन्ड्री इथे सगळी कोकणातली माणसं, आणि त्यातल्या एकालाही चतुर्थीला मुंबईत राहायचं नसतं. रेल्वेची तिकिटं दोन महिने आधीच काढलेली असतात, रजेचा अर्ज नंतर येतो. "मॅडम, तिकीट झालंय" हे वाक्य विनंती नसून माहिती असते. मग किचनमधली गढवालची मुलं, हाउसकीपिंगमधली ओडिशाची आणि ईशान्येची मुलं त्या आठवड्यात दुहेरी शिफ्ट करतात. कुणी कुणाला लिहून देत नाही, पण दुर्गापूजेला, दिवाळीला, ख्रिसमसला ती फेड होते. लॉन्ड्रीतले एक काका, कणकवलीकडचे, दरवर्षी परत येताना खाज्याचं मोठं पाकीट आणतात आणि ते पहिल्यांदा आपल्या मुलखातल्या माणसांना न देता कॅलेंडर मशीनवरच्या मुलांना देतात. कॅलेंडर म्हणजे चादरी इस्त्री करणारं ते भलंमोठं रोलरचं यंत्र. दोघं एका बाजूनं ओली चादर घालतात, दोघं दुसऱ्या बाजूनं कडक चादर घडी करून घेतात. तिथे मे महिन्यात उभं राहणं म्हणजे काय असतं ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एका बेडमागे चादरींचे तीन-चार संच लागतात: एक बेडवर, एक धुण्यात, एक कपाटात, एखादा प्रवासात. चादर विरली तरी सुटत नाही, तिचे पाळण्याचे चादरतुकडे होतात, मग ट्रेवरचं कापड, मग डस्टर.

त्या दाराच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, आणि मुंबईत राहणाऱ्या कुणाला ती सांगावी लागू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजमधल्या कितीतरी पाहुण्यांना बाहेर काढलं गेलं ते किचनमधून, मागच्या बोळांतून, कर्मचाऱ्यांच्या वाटांनी. शेफ हेमंत ओबेरॉय आणि त्यांच्या माणसांनी पाहुण्यांना वाट करून दिली आणि त्यातल्या काहींनी तिथेच जीव गमावला. टेलिफोन ऑपरेटर एक्स्चेंजवर बसून खोल्याखोल्यांत फोन करत होत्या: दार लावून घ्या, दिवे मालवा, खोलीबाहेर पडू नका. मी तेव्हा वेगळ्या हॉटेलात होते. पुढच्या आठवड्यात आमच्याकडच्या एका ऑपरेटर मुलीनं मला विचारलं, "आपण केलं असतं का गं?" मी उत्तर दिलं नाही, अजूनही देता येणार नाही. पण एक नक्की माहीत आहे. ती माणसं त्या रात्री अचानक वेगळी झाली नव्हती. पाहुण्याला आधी जाऊ द्यायचं, आपण भिंतीला लागून उभं राहायचं, हे त्यांच्या अंगात रोजच्या हजार बारीकसारीक कामांतून मुरलेलं होतं.

आणि मग २०२०. मार्चमध्ये आठवड्याभरात हॉटेल रिकामं झालं. आम्ही थोडीजण आतच राहिलो, घरी जायचं तर लोकल नव्हती आणि सोसायटीत हॉटेलवाल्यांना घ्यायला लोक घाबरत होते. रिकामं हॉटेल बंद करून ठेवता येत नाही हे बाहेरच्यांना माहीत नसतं. पाइपात पाणी साचून राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. त्यांचा शोधच मुळी १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या अधिवेशनाला आलेली माणसं आजारी पडून दगावली त्यावरून लागला. म्हणून आम्ही मजल्यामागून मजला, खोलीमागून खोली जायचो, नळ सोडायचो, शॉवर सोडायचो, फ्लश ओढायचो, एसी थोडा वेळ चालवायचो नाहीतर पडद्यांना बुरशी धरते. दोन मजले संपेपर्यंत जेवणाची वेळ व्हायची. टकटक करायची सवय इतकी की रिकाम्या खोलीच्या दारावरही आम्ही टकटक करून "हाउसकीपिंग" म्हणायचो. नंतर डॉक्टर आणि नर्स राहायला आले, मग परदेशातून परतलेले क्वारंटाइनवाले. जेवणाचा डबा दाराबाहेर खुर्चीवर ठेवायचा, घंटा वाजवून निघून जायचं. तेव्हा कितीतरी डॉक्टर दार उघडून, डबा उचलायच्या आधी, कॉरिडॉरच्या टोकाला आम्ही दिसेनासे होईपर्यंत हात हलवत उभे राहायचे. आमच्याकडे कुणी थांबून बघतंय हे आम्हाला नवीन होतं. एका मुलाला तर काय करावं सुचेना, तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत वाकून नमस्कार करत राहिला.

त्या वर्षी खूप माणसं गेली, म्हणजे कामावरून गेली. कंत्राटी होती ती आधी. कुणी भाजीची गाडी लावली, कुणी गावी गेला आणि परत आलाच नाही. हॉटेलं पुन्हा भरली, दर चढले, आणि आता तर खोलीच्या एका रात्रीचं भाडं आणि ती खोली आवरणाऱ्या कंत्राटी बाईचा महिन्याचा पगार यांत सुगीच्या दिवसांत फारसं अंतर उरत नाही. मी या वाक्यावर बऱ्याचदा अडते. मी मॅनेजर आहे, शिफ्टचं कोष्टक मी करते, माणसं किती लागतील याचा आकडा वर मी देते आणि त्याहून कमी माणसांत भागवते. या व्यवसायावर माझं प्रेम आहे आणि हा हिशेब मला मान्य नाही. जिच्या बोटांवरच्या रेघा पुसल्या गेल्या तिला किमान कायमची नोकरी, कंबरेच्या दुखण्याला रजा आणि गेटवर संशयाशिवाय निघायचा हक्क मिळाला पाहिजे, हे मी मीटिंगमध्ये बोलते. थोडं पदरात पडतं. मागच्या वर्षी हलक्या ट्रॉल्या मिळाल्या आणि लिनन रूमला पंखे.

परवा आमच्या पब्लिक एरियातल्या मावशी लॉकर रूममध्ये माझी वाट बघत उभ्या होत्या. धाकटी मुलगी बारावीला आहे आणि तिला हॉटेल मॅनेजमेंट करायचं आहे. मावशींना ते पटत नाही. "इतकी वर्षं मी लॉबीची फरशी पुसली मॅडम, आता तीपण इथेच?" म्हणाल्या, आणि लगेच पुढे, "पण तिला आवडतं हो. घरी बेड घालते तोसुद्धा कोपरे दाबून." मी त्यांना हो म्हणावं की नाही म्हणावं, मला ठरवता येईना. प्रवेश परीक्षा असते, बारावीला इंग्रजी विषय लागतो, सरकारी संस्थेतसुद्धा फी कमी नाही पण शिष्यवृत्ती बघता येईल, एवढं सांगितलं. ट्रेनिंगच्या काळात पाय सुजतात, दिवाळी घरी मिळत नाही, सुरुवातीचा पगार ऐकून रडू येतं, हेही सांगितलं. मग त्या टबात बसवणाऱ्या मॅडमची गोष्ट सांगितली, ती ऐकून मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. शेवटी म्हटलं, मुलीलाच एक दिवस घेऊन या. लिनन रूम, लॉन्ड्री, किचन, पॉटवॉश, सगळीकडे फिरवते, कॅलेंडर मशीनपाशी उभी करते, स्टाफ कॅफेटेरियात आपण तिघी जेवू, आणि मग तिलाच विचारू.

"तिचा गेटपास लागेल ना?" मावशींनी विचारलं.

म्हटलं, लागेल. मी काढून ठेवते. मार्कशीट तेवढी आणायला सांगा.